अर्धी गोळी

“थांबा, थांबा! त्याला खाली ठेवू नका, ग्रीस सांडलंय तिथं!”

आवाज वरून आला. मी मान वर करून पाहिलं, तर लिफ्टचं दार सताड उघडं, आत लिफ्टचा पत्ता नाही, आणि अंधारात वर कुठेतरी दोन बूट लोंबकळत होते. माझ्या हातांत सव्वीस किलोचा कुत्रा होता. मागच्या डाव्या पायाला बँडेज, गळ्याभोवती प्लॅस्टिकची कॉलर, डोळ्यांत भुलीच्या औषधाची झोप. आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर.

“लिफ्ट कधी चालू होणार?” मी त्या बुटांना विचारलं.

“दोन आठवडे तरी धरा. दोर बदलतोय.”

“दोन आठवडे?”

“नोटीस लावलीय की. तुमच्या मागेच.”

लावली होती खरंच. चांगली मोठ्या अक्षरांत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते, आणि स्वतःच्या इमारतीतली नोटीस तीन दिवस मला दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बूट खाली आले. त्यांच्यामागून एक उंच, किडकिडीत माणूस आला. हनुवटीवर काळा डाग होता, आणि तो माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होता. लांबचं दिसत नसणार, माझ्या मनात लगेच आलं. धंद्याची सवय, दुसरं काय!

“गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” मी म्हटलं. “जिना चढायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.”

“मग द्या इकडे पुढचा भाग. मी उलटा चढतो, तुम्ही मागून टॉवेल धरा.” कुत्र्याला सावरता सावरता त्यानं विचारलं, “नाव काय याचं?”

“पाहुणा.”

“आं?”

“बाबांनी दोन दिवसांसाठी आणला होता. मालक परत येईपर्यंत. अकरा वर्षं झाली, मालक काही आले नाहीत.”

तो हसला. कुत्र्याला हिसका बसू नये म्हणून आवाज न करता हसला, ते मला आवडलं. चौसष्ट पायऱ्या आणि चार वेळा थांबणं, एवढ्यात आम्ही वर पोचलो.

आई दारातच उभी होती, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून. तिचाही तोच गुडघा दुखतो, गेली पाच वर्षं. पाहुण्याच्या बँडेजकडे बघून ती म्हणाली, “घ्या! आता आमची जोडी जमली.” आणि मग एकदम खाली बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. बाकी सगळं बोलणं पाहुण्याशी. भाजी महाग झाली, शेजारीण फुगून बसली, आज यांची फार आठवण आली... हे सगळं त्या कुत्र्याच्या कानात जायचं. तो नसता तर ती बोलायचीच थांबली असती. म्हणून मला तो गुडघा बरा व्हायला हवा होता.

लिफ्टवाला त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. सकाळी काम सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी मी दुकानातून परतल्यावर पाहुण्याला खाली न्यायचं, झाडाशी उभं करायचं, पुन्हा वर आणायचं. तो पुढून, मी मागून. तो उलटा उतरायचा, त्यामुळे चौसष्ट पायऱ्या आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत असायचो. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

“तुम्ही माझ्याकडे रागानं का बघता?” तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

“मी तुमच्या डोळ्यांकडे बघतेय. तुम्हाला चष्मा हवाय.”

“मला सगळं दिसतं.”

“समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?”

त्यानं डोळे बारीक केले. “...थुंकू नये?”

“पाण्याची टाकी धुण्याची तारीख आहे.”

“माणसानं थुंकू नयेच,” तो शांतपणे म्हणाला, आणि मला इतकं हसू आलं की टॉवेल हातातून सुटता सुटता राहिला.

चौथ्या दिवशी पाहुण्याचं पोट बिघडलं. तेही कुठे, तर दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधोमध, लिफ्टवाल्याच्या पँटवर. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तो मात्र पाहुण्याच्या कॉलरमध्ये तोंड घालून म्हणाला, “एवढी ओळख झाली का आपली? बरं बरं.”

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जखम चिघळू नये म्हणून जी गोळी दिलीय तिनं असं होतं कधी कधी. मऊ भात द्या, सोबत एक पावडर लिहून देते, ती द्या. दुखण्याची गोळी दिवसातून एकदाच, पोट भरल्यावर. उलट्या झाल्या किंवा शी काळी दिसली तर मात्र ताबडतोब फोन.

दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं. मी लिफ्टवाल्याची पँट धुऊन, इस्त्री करून परत दिली. त्यानं ती छातीशी धरून पाहिली.

“आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पँटला घडी पडलीय. आता ही घालून लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे...”

“मग उतरू नका. ही घालून दुकानात या. डोळे तपासून घ्या.”

आला की. दुसऱ्याच दिवशी दुपारी, तीच पँट घालून, केस ओले करून विंचरलेले. आमच्या दुकानातल्या तपासणाऱ्या ताईंनी नंबर काढला आणि फ्रेम बसवायला त्याला माझ्याकडे पाठवलं.

चष्मा बनवण्याआधी दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. त्यासाठी समोरासमोर बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरायची आणि म्हणायचं, ‘माझ्या डोळ्यांत बघा.’ मी हे वाक्य दिवसातून पंचवीस वेळा म्हणते. पोस्टमनला म्हणते, शाळेच्या मुख्याध्यापिकांना म्हणते, कुणाचं काही होत नाही.

“माझ्या... डोळ्यांत बघा,” मी म्हटलं.

त्यानं बघितलं. डोळे बारीक न करता. एवढ्या जवळून त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं.

“किती आलं?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“काय किती?”

“अंतर.”

मी पट्टीकडे पाहिलंच नव्हतं. पुन्हा मोजावं लागलं. ताई पडद्याआडून खोकल्या. फ्रेमच्या काड्या त्याच्या कानांमागे बसवताना माझी बोटं गार पडली होती, आणि तो म्हणाला, “अहो, थंड आहेत हात,” आणि मी म्हटलं, “मग सहन कर जरा.”

कर. तोंडून निघून गेलं. त्यानं ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं दाखवलं, पण त्या संध्याकाळी जिन्यात त्यानं पहिला प्रश्न केला तो असा: “तू जेवलीस का?”

पुढचे दोन दिवस... काय सांगू त्या दोन दिवसांबद्दल? पाहुणा पाय टेकायला लागला होता. आई लिफ्टवाल्यासाठी दुपारी चहा ठेवू लागली होती. मी दुकानात असायचे तेव्हा तो चौथ्या मजल्यावरच्या दाराशी काम करायचा आणि दार उघडं ठेवून ती त्याच्याशी गप्पा मारायची. माझी आई, एका परक्या माणसाशी! घरी आल्यावर मला तिच्या तोंडून त्याच्या बातम्या कळायच्या. त्याला बहीण आहे. त्याला साखर जास्त लागते. त्याची आई तो लहान असताना गेली. मी नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि आई चोरून माझ्याकडे बघायची.

नवव्या दिवशी पाहुण्यानं भाताला तोंड लावलं नाही. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, दुखण्याची गोळी आत्ताच बंद करा आणि सकाळी उठल्या उठल्या त्याला घेऊन या. सकाळी झाडाशी उभा केला तर शी काळी कुळकुळीत, डांबरासारखी. त्याचे मागचे पाय थरथरत होते. मी वाकून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या.

“काळी का झाली?” लिफ्टवाल्यानं विचारलं. नव्या चष्म्यातून त्याला सगळं नीट दिसत होतं.

“पोटात रक्त जातंय. दुखण्याच्या गोळ्या जास्त झाल्या की होतं असं. पण मी तर एकच देते, मोजून.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला स्पष्ट दिसला.

“काकू... काकू देतात ना त्याला. दुपारी.”

“काय देतात?”

“त्यांची गुडघ्याची गोळी. अर्धी करून, भातातून. तो दुपारी बारीक आवाजात रडायचा. त्यांना बघवायचं नाही. पाच दिवस झाले. मला म्हणाल्या, हिला सांगू नकोस, ओरडेल. मला वाटलं... दुखण्याची गोळी ती दुखण्याचीच गोळी. आणि काकूंनी मला पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं होतं, आपल्या माणसासारखं. म्हणून...”

“पाच दिवस? आणि रोज दोन वेळा तू माझ्यासमोर उलटा उतरत होतास?”

मला ओरडायचं होतं. पण माझ्या हातात टॉवेलची दोन टोकं होती आणि त्यात पाहुण्याचं अर्धं अंग होतं. ते सोडता येत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळूनच त्याला रिक्षात ठेवलं, आणि त्या वेळात मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

“माणसांची गोळी? अहो, मी लिहून दिलं होतं ना! ऑपरेशनच्या दिवशी कागद दिला, त्यात जाड अक्षरांत आहे. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा म्हणूनही सांगितलं होतं.”

कागद माझ्या पर्समध्ये होता. चार घड्या घातलेला. मी त्यातल्या गोळ्यांच्या वेळा तेवढ्या वाचल्या होत्या आणि आईलाही तेवढ्याच सांगितल्या होत्या. बाकीचं तिला काय करायचंय, असं वाटलं होतं मला. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दोन दिवस सलाईन लावलं. रक्त चढवलं. पण पोटात आतून छिद्र पडलं होतं, आणि दुसऱ्या ऑपरेशनला त्याच्यात जीव उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, घरच्यांना भेटायचं असेल तर या.

आई चौसष्ट पायऱ्या उतरून आली. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं लिफ्टवाल्याचा खांदा. मी खाली उभी राहून बघत होते. एकेका पायरीवर ती दोन्ही पाय टेकायची, ओठ दाबायची, पुन्हा पुढची. तिथं पोचल्यावर तिनं पाहुण्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं, नेहमीसारखं. त्यानं शेपटी दोनदा हलवली. अकरा वाजता तो गेला.

लिफ्टवाला बाहेर बाकावर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आईला काही कळता कामा नये. वय झालं होतं, शरीराला ऑपरेशन झेपलं नाही, बस. एवढंच.”

“आणि मी त्यांच्यासमोर...”

“तू गप्प बस. गप्प बसणं तुला छान जमतं.”

त्यानं मान खाली घातली. बोलले ते बोलले, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्या वेळी तरी नाही.

दोन दिवसांनी लिफ्ट सुरू झाली. शेजारीण दोनदा उगाचच वर-खाली करून आली. मी मात्र जिन्यानंच गेले आणि जिन्यानंच आले. संध्याकाळी घरी पोचते तर दार उघडं, आई खुर्चीत, पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर, जमिनीवर, लिफ्टवाला बसला होता.

काय झालंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“सांगितलंस?” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “एवढी एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. जेव्हा बोलायचं तेव्हा तोंड शिवलेलं, आणि आता...”

“त्यांनी विचारलं,” तो उठत म्हणाला. “सरळ विचारलं. दुसऱ्यांदा नाही गप्प बसता आलं मला.”

“जा तू.”

“ऐक ना...”

“जा म्हटलं ना! लिफ्ट झाली ना तुझी? मग आता काय काम आहे इथं?”

तो गेला. हत्यारांची पेटी उचलल्याचा आवाज आला, मग लिफ्टच्या दाराचा. आईनं पदर तोंडावरून काढला. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता.

“त्याला का बोललीस? मला आधीच माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“माझ्या गोळ्यांच्या डब्यात बारीक अक्षरांचा कागद असतो. पाहुणा गेला त्याच दुपारी मी तो भिंग घेऊन वाचला. पोटात रक्त जाऊ शकतं, लिहिलंय त्यात. मग तुला विचारलं, तर तू म्हणालीस वय झालं होतं. आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं नाहीस.” तिनं पदर सारखा केला. “मला वाटलं, पोरीला सगळं कळलंय. तिला माझा इतका राग आलाय की तोंडावर सांगायचीसुद्धा तिची इच्छा नाही. दोन दिवस मी या घरात तुझ्यासमोर चोरासारखी वावरतेय गं.”

“आई, तसं नाही...”

“आज त्याला पकडलं. म्हटलं, खरं सांग, माझ्या गोळीनं गेला ना? तर तो इथं खाली बसला आणि म्हणाला, हो काकू. अर्धी गोळी तुमची होती, आणि ती बघून गप्प बसलो तो मी. म्हणजे अर्धा दोष माझा.” आईनं नाक पुसलं. “कुणीतरी हो म्हणालं, तेव्हा कुठे मला रडू आलं.”

मी तिथेच, पर्स खांद्याला असताना, खाली बसले. पर्स उघडली. दुकानाच्या पावत्या, कंगवा, बसची तिकिटं, आणि त्यांच्या खाली तो कागद. मी त्याच्या चार घड्या उघडल्या आणि आईच्या मांडीवर ठेवला.

“हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी दिला होता. मी तुला वाचून दाखवला नाही.”

आईनं चष्मा लावला, मीच बसवून दिलेला. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, जाड अक्षरांवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ती बोलेल, दोन थोबाडीत देईल, दिल्या तर बरंच होईल. तिनं कागद बाजूला ठेवला आणि माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. मग कळवळून म्हणाली, “अगं आई गं! त्या गुडघ्यावर नको, या दुसऱ्यावर ठेव.”

आणि त्यावर आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती पुन्हा रडली. मला मात्र रडू आलं नाही. पुढचा आठवडाभरही आलं नाही.

आठवड्यानं, सुट्टीच्या दिवशी, मी त्याच्या कंपनीत फोन करून तो कुठे काम करतोय ते विचारलं. बाजारापलीकडच्या एका सात मजली इमारतीत, असं कळलं. तिथली लिफ्ट अर्थातच बंद. सात मजले चढून मी गच्चीवर पोचले तेव्हा छाती धपापत होती. गच्चीवर एक छोटी खोली होती, तिच्यात लिफ्टचं मशीन, आणि मशीनपाशी तो. हातात चिंधी धरून तिच्यातून लोखंडी दोर हळूहळू सरकवत होता. आतली एखादी बारीक तार तुटलेली असली की चिंधी तिथं अडकते, हे त्यानंच मला जिन्यात कधीतरी सांगितलं होतं. त्याच्या नाकावर माझ्या दुकानातला चष्मा होता.

मला पाहून त्यानं दोर सोडला.

“काकूंनी पाठवलं?”

“नाही. आई म्हणाली, जाऊ नकोस. अजून तुझ्या डोक्यात राग आहे, उगाच भांडशील.”

“मग?”

“मग भांडायलाच आलेय.”

त्यानं चिंधी बाजूला ठेवली. “भांड.”

मी तोंड उघडलं. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती, एकाहून एक धारदार. त्यातलं एकही आलं नाही.

“तो गेला रे,” मी म्हटलं.

एवढंच. आणि सगळं एकदम वर आलं. आठवडाभराचं, दोन वर्षांचं, बाबांचं, पाहुण्याचं. मी दाराच्या चौकटीला धरून लहान मुलीसारखी रडले. तो पुढे आला आणि मध्येच थांबला, दोन्ही हात हवेत धरून.

“हात... ग्रीसनं भरलेत.”

“असू देत.”

“तुझा ड्रेस...”

“असू दे म्हटलं ना!”

मग त्यानं मला जवळ घेतलं. त्याचाही श्वास तुटत होता. बऱ्याच वेळानं मी त्याला कागदाचं सांगितलं, सगळं, पर्स मांडीवर धरून बसले होते तेही. “राग तुझा आला होता, पण सगळा तुझ्यावरचा नव्हता,” मी म्हटलं. “बराचसा माझ्यावरचाच होता. तुझ्यावर काढला.”

“माझ्यावर काढायला हरकत नव्हती.”

“होती. कारण मला तू आवडतोस. आणि ते आता सांगितलं नाही तर तेही पर्समध्येच राहील.”

त्यानं चष्मा काढून बाहीनं पुसला, पुन्हा लावला. काचेवर काळा पट्टा उमटला. तशाच काचेतून माझ्याकडे बघत राहिला.

“मी इतक्यात विसरणार नाही,” मी म्हटलं. “मधूनच आठवेल. तुझ्याकडे बघितलं की आठवेल, कधी कधी तुझ्यावर खेकसेनही.”

“मलाही आठवेल. रोज आठवतं.”

“मग कसं करायचं?”

“आठवलं की बोलायचं,” तो म्हणाला. “मनात नाही ठेवायचं. तू पण नाही, मी पण नाही.”

“मग बोल. आत्ता काय वाटतंय?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, वारा आमच्या कानांत शिरत होता.

“मला तुझ्या घरी यायचंय,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून यायचंय, रोज, काही काम नसताना. आणि भीती वाटतेय. काकू दार उघडतील आणि तो नसेल. त्या दाराचीच भीती वाटतेय मला.”

“मलाही वाटते,” मी म्हटलं. “रोज संध्याकाळी. कुलूप उघडायच्या आधी मी दोन मिनिटं बाहेर उभी राहते.”

“मग?”

“मग आज दोघं जाऊ. बेल मी वाजवते.”

त्यानं रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं, तरी नखांत काळं राहिलंच. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. आमच्या इमारतीत लिफ्ट खालीच उभी होती. आम्ही तिच्यात शिरलो आणि चार मजले वर येईपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता.

मी बेल वाजवली. आतून आईची पावलं ऐकू आली, एक नीट पडणारं, एक फरफटणारं. तिनं दार उघडलं. आम्ही तिघांनीही आधी खाली पाहिलं, आणि मग एकमेकांकडे.